स्पोर्ट्स इंडस्ट्रीचा चुना

पाय. पाय उचला भाऊ… तो नाही, दुसरा. हां. रेषेवर होता तो, अन् रेष ओली हाय अजून. रोज सकाळी येता तुमी लोकं फिराले, हात हलवत, बीपी-शुगरच्या गोष्टी करत, खाली पाहाचं काही नाव नाही, अन् मंग तुमच्या बुटाचे ठसे पुऱ्या मैदानभर, अन् बोलनी कोन खाते? मी खातो. कोनाची? ते काय, त्या टोकाले वाकून उभी हाय ना, पांढरीफटक, तिची. समृद्धी. पोट्टी होय माझी. बसा ना इथं कडेले, गवतावर बसा. मी उठत नाही, राग नका मानू, मले आत्ता उठता येत नाही. कारन हाय त्याले, सांगतो.

परवा तुमीच विचारलं ना मले, का दौलतराव, पोरगी काय करते आजकाल? अन् मी उत्तर न देता दूध आनाले निघून गेलो. आता काय उत्तर देऊ सांगा. दुसऱ्याची पोट्टी डॉक्टर हाय, बँकेत हाय, हैदराबादले कॉम्प्युटरमंदी हाय. माझी काय करते? चुना लावते.

हसा, हसून घ्या. पुरी हुडको कॉलनी हसून झाली, तुमीच राहिले होते. अन् चुना म्हनजे पानाचा नाही, भिंतीचा नाही, मैदानाचा. फक्की. कबड्डीचं कोर्ट, खो-खोचं, पळाच्या पट्ट्या, लांब उडीची रेष… पहिले शाळेत पी.टी.चे मास्तर डब्ब्याले भोकं पाडून पोट्ट्यांच्या हातून टाकून घेत नव्हते का, वाकडी-तिकडी, तेच. तेच काम ही धंदा म्हनून करते. एम.ए. झालेली पोट्टी! भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, जिथं कुठं कोनी पळनार असन तिथं ही आदल्या दिवशी जाते, चुना टाकून येते, दुसऱ्या दिवशी पळनारे पळतात, त्यायचे फोटो पेपरात येतात, अन् हिची रेष त्यायच्या पायाखाली. दिसते हं फोटोत रेष, मी चष्मा लावून पाहातो ना. पन रेषेखाली कोनी नाव छापते का कोनाचं?

चुन्याचं मले नवल नाही भाऊ. सारी नोकरी माझी इथल्या स्टील प्लांटमंदी, रॉ मटेरियलच्या ऑफिसात, चुनखडीचे रेक, म्हनजे मालगाड्या, आले किती, उतरले किती, कमी कावून आले, हेच करन्यात गेली. रात्री झोपेत चुनखडी बडबडे मी, विचारा बायकोले. पन माझा चुना भट्टीत जाये, तिकडून लोखंड निघे, लोखंडाचे रूळ बने, त्याच्यावरून देश पळे. अन् हिच्या चुन्यावरून कोन पळते? सातवीतले पोट्टे, नाकातला शेंबूड पुसत. अन् संध्याकाळी पानी शिंपडलं का साफ, जसं काही झालंच नाही. असल्या कामाले मान कोन देईन? तरी विचारते लोकं, काय करते, काय करते. चुना लावते बाप्पा, चुना.

आता तुमी म्हनान, खेळात तिले घातलं कोनं? मीच घातलं. पन खेळासाठी थोडी घातलं! आपल्या इकडे कोनता बाप पोट्ट्यायले खेळासाठी खेळाले पाठवते? स्पोर्ट्स कोटा. नॅशनल खेळली का सर्टिफिकेट, सर्टिफिकेट भेटलं का रेल्वेत नोकरी, नोकरी भेटली का खेळ बंद, बूट माळ्यावर, विषय संपला. सीधा रस्ता होता. म्हनून बास्केटबॉलमंदी टाकलं. सकाळी स्कूटरवर बसवून सेक्टरच्या कोर्टवर सोडू, मोड आलेले चने खाऊ घालू, दूध पाजू. अन् पोट्टीची उंची पाच फुटावर येऊन थांबली. बस. पुढं सरकाले तयार नाही. मंग मी तिले दरवाज्याच्या चौकटीले लोंबकाळवू, रोज, ड्युटीवर जाच्या पहिले. काय झालं? चौकट खाली आली. पोट्टी नाही वाढली.

अन् तो कोच, रबराचं तोंड त्याचं, कायम च्युइंगम. मले म्हनते, “वानखेडे जी, बच्ची में स्पार्क है, बहुत स्पार्क है… बस हाइट नहीं है.” अबे, स्पार्क त वेल्डिंगमंदी बी असते, त्याले घेऊन मी काय करू? तरी टीममंदी ठेवली त्यानं, बेंचवर. मोठ्या मोठ्या पोट्ट्या खेळत, ही बसून राहे. अन् बसल्या बसल्या काय पाहे? मॅच नाही पाहे. रेषा पाहे. घरी येऊन सांगे, “पप्पा, आज की साइड लाइन टेढ़ी थी, किसी ने देखा ही नहीं.” मी म्हनलं, दुनिया बास्केटमंदी बॉल गेला का नाही ते पाहाले जाते, तू खाली चुना पाहाले जातं का? तवाच समजाले पाहिजे होतं मले.

मंग आपल्या मंडळाची कबड्डी होती गनपतीत. चुना टाकनारा मानूस ऐनवेळी सासरवाडीले निघून गेला. सारे पदाधिकारी डोकं धरून बसले, कोनाले काही येत नाही, पदाधिकाऱ्याले कधी काही येते का? अन् ही उठली. आईची साडी वाळत घालाची दोरी आनली घरून, अन् टाकलं कोर्ट. असं सीधं टाकलं का रेफ्री वाकून पाहाले लागला. झालं. त्या दिवसापासून जो येते तो, “अंकल, दीदी है क्या? हमारे यहाँ भी डलवाना है.” शाळावाले आले, कॉलेजवाले आले, पोलीसभरतीवाले आले. अहिवाऱ्याहून चुना आनते ती, स्वतः, स्कूटीवर पोतं बांधून. कावून? म्हने तिकडचा बारीक राहते, रेष फाटत नाही. मरोद्याच्या वेल्डिंगवाल्याकून गाडी बनवून घेतली, वर डब्बा, त्यात पान्यात कालवलेली फक्की, खाली ती पडाची फट, हँडल धरून ढकलाची. लांबून पाहा तुमी, हुबेहूब बाबागाडी. हिच्या वयाच्या पोट्ट्या खरी बाबागाडी ढकलून राहिल्या अन् आमची चुन्याची. हे म्या तिच्या तोंडावर म्हनलं हं. हसली. हसली अन् हँडलले तेल दिलं.

बरं, पोट्टी एक येडी, पन आईनं थांबवाले पाहिजे का नाही? आई कोन? आमची वसुंधरा. ती काय करे? दोरी धरे!

दोरी म्हनजे कसं हाय, सीधी रेष पाहिजे असली का दोन मानसं लागतात. एका टोकाले एक, दुसऱ्या टोकाले एक, मधात दोरी तानून, अन् दोरीच्या कडेनं चुना. हे टोक ज्यानं धरलं तो हालला का रेष गेली कामातून. त्याले काही येवाले नाही लागत, फक्त बसाचं अन् हालाचं नाही. जे कोनाले करता येत नाही भाऊ. त वसुंधरा, रिटायर्ड सीनियर क्लार्कची बायको, डोक्याले फडकं बांधून, मैदानात उकिडवी बसून दोरी धरून राहिली. भर उजेडात. येनारे-जानारे पाहून राहिले. वर मले म्हने, “अहो, तुमीही येत जा ना एखाद्या दिवशी, हवा छान राहते सकाळची.” मी तिले साफ सांगतलं, वसुंधरा, मी उपाशी मरन, पन दोरी धरनार नाही. माझी काही इज्जत हाय का नाही या टाउनशिपमंदी?

…हो हो, पाहातो वो, पाहातो. नाही हालत… तिले काय, तिकडून आरडते नुसती.

हां, त कुठं होतो? इज्जत. त अशातच मंडळानं मार्गदर्शन शिबिर ठेवलं, ‘खेळातून करिअर’. रायपूरहून एक पाहुना बोलावला, कोट घालून आलेला, भर उन्हात कोट. माइक हातात घेऊन फिरे तो स्टेजवर, एका जागी उभं राहवे नाही त्याले. “अपने पैशन को फॉलो करो, रास्ते अपने आप बनेंगे!” रस्ते आपोआप बनतात म्हने. आमच्या गल्लीचा कावून नाही बनत मंग? अन् मंग स्टेजवर आमच्या पोट्टीले बोलावलं, गुच्छ दिला, अन् सूत्रसंचालन करनारी बाई म्हने, “स्पोर्ट्स इंडस्ट्रीतलं उगवतं नाव, समृद्धी वानखेडे!” मी मागं बसलो होतो, खुर्चीत सरळ झालो. स्पोर्ट्स इंडस्ट्री! पाहा, शब्द काय चीज असते. घरी चुना होता, स्टेजवर चढला का इंडस्ट्री झाला. तो शब्द मी खिशात घालून घरी आनला.

अन् वापरला. फोनवर. नागपूरहून स्थळ आलं होतं, मेहुन्यानं सुचवलेलं. पोरगा आनंद, कॉम्प्युटरमंदी, घरूनच काम करते. त्याचे वडील जानराव, सरकारी खात्यातून रिटायर. अन् बोलनं कसं त्यायचं, एकदम शुद्ध, रेडिओवानी, जसे काही नागपूरचे नाहीतच. “काय करते हो आपली कन्या?” मी म्हनलं, “स्पोर्ट्स इंडस्ट्रीत हाय.” तिकडून एकदम, “वा वा! फारच छान!” बस, मी विषय बदलला. खोटं बोललो का मी? सांगा ना. एका अक्षराचं खोटं नाही. पन भिलाईत राहून आपल्याले समजाले नको का भाऊ, इंडस्ट्री म्हनलं का मानसाच्या डोक्यात काय येते? चिमनी येते. भोंगा येते. गेट येते, गेटवर सलाम मारनारा येते. जानरावच्या डोक्यात तेच आलं. त्याले वाटलं पोट्टीची फॅक्टरी हाय, बॅट-बॉल बनवाची.

या रविवारचीच गोष्ट होय. पाहुने येनार म्हनून घरात धावपळ. माझी प्रेसची पांढरी पॅन्ट, प्रेसचा शर्ट. वसुंधरा पोह्याले लागलेली, वरून तर्री. अन् नवरी? नवरी मैदानात. सोमवारी शाळांच्या स्पर्धा होत्या, चुना अर्धा राहिला होता. आदल्या दिवशीच म्या सांगतलं, एक दिवस नाही गेली त काय आभाळ कोसळन? त म्हने, “पप्पा, बच्चे कल दौड़ेंगे कहाँ? दस बजे तक आ जाऊँगी, पक्का.” दहा वाजले. कुठं काय. येईन कशी? आई घरी पोहे करून राहिली, मंग दोरी कोन धरन? ही एकटीच. खिळा ठोकला असन एखादा, खिळा उपटून आला असन, पुन्हा ठोकला असन. मले तवा हे काही सुचलं नाही, मी गेटवर येरझारा घालून राहिलो.

अन् तिकडे काय झालं? पाहुन्यायनं पत्ता विचारला. कोनाले विचारला? आमच्या चौकातल्या पानठेलेवाल्याले. साऱ्या दुनियेत त्यायले तोच भेटला. आता त्या बिचाऱ्याले समृद्धीचा मोठा अभिमान, ठेल्यावर येईन त्याले तिचे गुन सांगते तो. गाडीच्या खिडकीतून डोकं आत घालून म्हने, “वानखेडे अंकल? वही ना, जिनकी बेटी चूना लगाती है? अरे साहब, पूरे जिले को लगाती है. कलेक्टर साहब के प्रोग्राम में भी लगाया, पुलिसवालों को भी लगाया! घर का नाम रोशन कर दिया बच्ची ने.”

सांगा आता.

घरात आले ते असे आले का सिंधुताईनं, म्हनजे पोराच्या आईनं, पर्स दोन्ही हातायनं पोटाशी धरलेली. पानी दिलं त पहिले नवऱ्याकडे पाहे, मंग घोट घे. मले समजेना, कावून असं करून राहिले हे लोकं. जानराव सोफ्यावर टेकले अन् हसाले लागले, म्हने, “मुलीचं नाव समृद्धी, म्हणजे हायवे. आडनाव वानखेडे, म्हणजे स्टेडियम. मुलगी आहे की सरकारी प्रॉपर्टी, हा हा हा.” एकटेच हसले. आनंदनं मोबाईलमधून मान वर केली, म्हने, “बेसिकली, गुड वन, बाबा.” प्रत्येक वाक्यात बेसिकली त्याच्या. मीही हसलो भाऊ. पोट्टीचा बाप होतो ना, हसावं लागते.

मंग सिंधुताईले राहवलं नाही. म्हने, “ते चौकातला मानूस काहीतरी सांगत होता… चुना लावते म्हने. कोनाकोनाले?” मी म्हनलं, “नाही नाही ताई, ते मैदानाचं… ते इंडस्ट्रीच्या कामातलंच हाय.” झालं, जानराव उठूनच उभे. “मग प्रत्यक्षच बघू या ना! मुलगी येत नाही तर आपणच जाऊ. फॅक्टरीही पाहणं होईल. आम्ही फार मोकळे लोक आहोत, वानखेडे साहेब.” मी म्हनलं, पोहे… पोहे थंड होतील. म्हने, आल्यावर खाऊ. वसुंधरा झारा हातात घेऊन दारात उभी, अन् मी गाडीत पुढच्या सीटवर, यायले रस्ता सांगून राहिलो. डावीकडे घ्या, आता उजवीकडे. स्वतःच्या फजितीचा रस्ता स्वतः सांगून राहिलो मी!

इथंच आलो, याच मैदानात. गेटपाशी चायवाली बुढी बसते ना, तिले जानरावनं विचारलं, “समृद्धी मैडम का ऑफिस किधर है?” ती म्हने, “ओ चूना वाली नोनी? ओदे हे गा.” म्हनजे चुनेवाली पोरगी, ते काय तिकडं. अन् बोट दाखवलं. अन् बोटाच्या समोर कोन? पाठमोरी, वाकलेली, केसापासून चपलीपर्यंत पांढरी, माझी लेक. मागून पाहिलं असतं त मी स्वतः नसतं ओळखलं.

अन् त्या आनंदले पाहा. गाडीतून उतरला, कंपनीचे बूट घालून, मोबाईलमंदी पाहात पाहात सीधा चालत गेला, अन् कुठं उभा राहिला? पळाच्या पट्टीच्या बरोबर मधातल्या रेषेवर. आत्ताच टाकलेली, ओली. एवढं मैदान पडलं होतं. पोट्टीनं मागं वळून न पाहाता आवाज दिला, “सर, लाइन पे से हटिए, गीली है.” तिले काय माहीत तो कोन होय. तो म्हने, “बेसिकली…” अन् तिथंच उभा. मंग तिनं पाहिलं, मले पाहिलं, “पप्पा? आप यहाँ?” लगेच समजली. ओढनीले हात पुसले, सिंधुताईच्या पाया पडाले वाकली, सिंधुताई साडी सावरून मागं सरकल्या.

जानराव इकडेतिकडे पाहे. “फॅक्टरी कुठे आहे?”

मी म्हनलं, “हेच होय.”

“हेच म्हणजे?”

“हेच. हे जे खाली दिसून राहिलं.”

त्यायनं खाली पाहिलं. मंग मले बाजूला घेतलं. बाजूला म्हनजे किती, पोट्टीले सारं ऐकू जाईन एवढंच. आवाज तोच, शुद्ध, गोड. “वानखेडे साहेब, मुलगी वाईट नाही. पण हे… हे मजुराचं काम आहे हो. लग्नानंतर हे बंद. आमच्या घरची सून मैदानात चुना टाकत बसली तर लोक काय म्हणतील? घरात बसेल, तिला काही कमी पडणार नाही.”

आता मले सांगा, याच्यात त्यानं नवीन काय म्हनलं? हेच म्या घरात इतके दिवस म्हनून राहिलो. मजुराचं काम, लोकं काय म्हनतील, सारं माझंच. जसं काही माझ्या घराच्या भिंतीले कान लावून लिहून घेतलं होतं त्यानं. अन् स्थळ चांगलं होतं भाऊ, खरंच चांगलं होतं, नागपूरले स्वतःचं घर, एकुलता एक पोरगा. मी फक्त मान हलवाची होती. एवढंच काम होतं माझं त्या दिवशी.

दोरीचं एक टोक पोट्टीच्या हातात होतं, दुसरं खिळ्याले, अन् तो खिळा पुन्हा उपटला होता. ती आनंदकडे पाहून म्हने, “आप ज़रा पकड़ लेंगे? दो मिनट. बस एक लाइन बची है.” सीधंच विचारलं तिनं, काही मनात नव्हतं. आनंदनं बापाकडे पाहिलं. मंग बुटाकडे पाहिलं. जानराव म्हने, “तो दोरी धरायला नाही आला इथे.”

मंग तिनं माझ्याकडे पाहिलं. जानरावकडे नाही, आनंदकडे नाही. माझ्याकडे. का पप्पा काय म्हनते आता. अन् तिच्या तोंडावरून मले समजलं, तिले माहीत होतं मी काय म्हननार. तिनं त आधीच मान खाली घालून दोरी गुंडाळाले घेतली होती.

तवा मले जे झालं ना भाऊ… इथं, छातीत, आग आग झाली. अरे, माझ्या पोट्टीले नावं ठेवाचा हक्क माझा हाय! चने मी भिजवले, चौकट माझी पडली, चुन्याचे कपडे माझ्या बाथरूममंदी धुतले जातात, नळ माझा जाम होते. मी म्हनन मजूर, मी म्हनन बाबागाडी, मी काहीही म्हनन. तू कोन बे? कालचा आलेला, माझे शब्द चोरून मलेच ऐकवून राहिला, अन् तेही शुद्ध मराठीत?

मी काय केलं? ती प्रेसची पांढरी पॅन्ट घालून खाली बसलो. खिळा फेकला. दोरीचं टोक हाताले गुंडाळलं, तानलं, अन् म्हनलं, “आनंदराव, रेषेवरून पाय काढा.” आवाज जरा मोठा निघाला. तिकडे झाडावरचे बगळे उडाले म्हने, चायवाली सांगते. आनंद असा उडी मारून बाजूला झाला जसं काही करंट लागला. अन् जानराव? तो रेडिओ बंद झाला ना भाऊ एका झटक्यात, “अबे चाल बे आनंद, काय पाहून राहिला, बस गाडीत!” आले ना नागपूरवर? एवढा येळ कुठं लपवलं होतं?

गेले. पोहे न खाता गेले. आमी दोघं नवरा-बायको दोन दिवस पोहे खाऊन राहिलो.

अन् पोट्टी? तुमाले वाटन, धावत आली असन, गळ्यात पडली असन, “पप्पा, थँक यू” म्हनलं असन. काही नाही. तिकडच्या टोकावरून वरडली, “पप्पा, कसके पकड़ो, झोल आ रहा है!” बस. एवढंच बोलली. डोळे पुसून राहिली होती म्हने, वसुंधरेले सांगतलं तिनं नंतर, चुना गेला म्हने डोळ्यात. गेला असन. माझ्याही गेला होता.

आता जानराव पुऱ्या नागपुरात सांगत फिरून राहिला, का भिलाईच्या वानखेड्यानं आमाले चुना लावला. मेहुन्याचा फोन आला होता, लय चिडला. मी म्हनलं, खोटं काय त्याच्यात? लागलाच होता ना, त्याच्या पोट्ट्याच्या बुटाले. अहिवाऱ्याचा हाय, निघनार नाही लवकर. पन स्थळ गेलं ते गेलं, अन् पुढचं येईन का नाही कोनाले ठाऊक. मले चिंता नाही का? रात्र रात्र डोळा लागत नाही. तिले काही नाही, ती राजनांदगावच्या मैदानाचा इचार करून राहिली, तिथं म्हने जमीन एका अंगाले उतरती हाय.

अन् वसुंधरा पाहा. सोमवारी सकाळी उठली, डोक्याचं फडकं माझ्या उशीपाशी ठेवलं, म्हने, “माझे गुडघे दुखून राहिले. आता तुमी पाहा.” गुडघे दुखतात म्हने. काल बाजारात पोरीवानी चालून राहिली होती, म्या पाहिलं.

आता समजलं, मी उठून राहिलो नाही ते कावून? हे पाहा. हा हात पाहा. गवतामंदी दिसत नाही तुमाले, तंगड्या घालून चालता तुमी त्याच्यावरून. त्या टोकाले ती, या टोकाले मी, अन् मधात ही वसुंधरेची दोरी. मी हाललो का रेष गेली. नाकावर माशी बसली तरी हात हालवाचा नाही मले, असं हाय हे काम. कोनी विचारते, दौलतराव, रिटायर झाले, आता दिवसभर काय करता…

…नाही देऊन राहिलो वो ढील! हे तानली पाहा… पाहिलं? बापाशी बोलाची रीत होय का ही.

हां. त कोनी विचारलं तुमाले चौकात, का दौलतराव आजकाल काय करते, त चुना-बिना काही सांगू नका. त्या पानठेलेवाल्याले त बिलकुल नका सांगू. सांगा, स्पोर्ट्स इंडस्ट्रीत हाय. पाय उचला.